दोनशे बारा दारं

"दोनशे बारा यंत्रं, चाचा... एकही सुटलेलं नाही. आता तरी किल्ली देणार की नाही?"

दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळायला नव्यानं आलेल्या शार्दूल आकिवाटेनं लॅपटॉप बशीरचाचांच्या पुढ्यात सरकवला. पडद्यावर अख्ख्या दवाखान्याचा नकाशा होता. प्रत्येक कॉम्प्युटर, प्रत्येक प्रिंटर, तपासणीचं प्रत्येक मशीन म्हणजे एकेक हिरवं टिंब. काम देखणं होतं. शार्दूलला त्याचा अभिमान होता आणि तो लपवण्याची त्याला गरज वाटत नव्हती.

बशीरचाचा मुजावर पूर्वी मिरजेच्या टेलिफोन खात्यात लाइनमन होते. निवृत्तीनंतर या दवाखान्यातली केबल अन् केबल त्यांनी ओढली. सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. आज त्यांचा शेवटचा दिवस होता, आणि किल्ली कुणाच्या हातात द्यायची हे तेच ठरवणार होते.

"हे कशानं काढलंस?"

"फुकट मिळतं, चाचा. जगभरातल्या जाणकारांनी मिळून बनवलंय. ते जातं, प्रत्येक यंत्राचं दार वाजवतं, आत कोण आहे ते विचारून येतं."

"एकच दार?"

"छे! एकेका यंत्राची हजार दारं. मी अर्धवट काम करत नाही."

चाचांनी मान हलवली. ती कौतुकानं हलवली की कशानं, हे शार्दूलनं पाहिलं नाही.

एवढ्यात लॅबमधल्या सुनंदाताई मगदूम दारात आल्या.

"परत बंद पडलं, चाचा."

रक्त तपासायचं मशीन सोमवारपासून मध्येच गप्प व्हायचं. जुनं मशीन ते, पुन्हा सुरू करायला तीन मिनिटं लागायची. बाहेर बाकांवर माणसं सकाळपासून उपाशीपोटी बसलेली. त्यातल्या एका बाईंचं ऑपरेशन रिपोर्टसाठी अडलेलं.

"ताई, काळजी नको," शार्दूल म्हणाला. "सोमवारी मी नकाशा चालू केला आणि नशीब बघा, त्याच दिवशी हा दोष पकडला! दर दहा मिनिटांनी पडत होतं ना? म्हणून आज सकाळपासून पहारा वाढवलाय. नकाशाची फेरी दहाऐवजी दर पाच मिनिटांनी."

"आता दर पाच मिनिटांनी पडतंय," सुनंदाताई म्हणाल्या.

"बघा की! चोर बावचळलाय."

सुनंदाताई लॅबकडे परत गेल्या.

...

चाचा उठले. त्यांनी शार्दूलच्या लॅपटॉपची नेटवर्कची केबल काढली आणि तिचं टोक कानाला लावलं.

शार्दूलला हसू फुटलं. "चाचा, हा काय टेलिफोन आहे? त्यात काय ऐकू येणार?"

"थांब. फार गलका आहे."

लाइनमन असतानाची त्यांची ही सवय. खांबावर चढलं की आधी फोन जोडून तार ऐकायची. कुणी बोलत असेल तर बोलणं संपेपर्यंत वरच थांबायचं, ऊन असो की वारा. त्यासाठी साहेबांची बोलणी खाल्ली, पण कुणाचं बोलणं तोडलं नाही.

पाच मिनिटं गेली.

"चाचा, माझी फेरी चुकली."

"हं."

दहा मिनिटं गेली. शार्दूलची चुळबुळ सुरू झाली. नेमका याच वेळी चोर निसटला तर? म्हाताऱ्या माणसाला बोलावं तरी कसं? त्यानं दोनदा केबलकडे हात नेला आणि दोनदा मागे घेतला.

वीस मिनिटं गेली...

लॅबच्या बाजूनं एका लयीत घरघर येत होती. सोमवारपासून ती इतका वेळ सलग कुणी ऐकली नव्हती.

सुनंदाताई आल्या, या वेळी हसत. "सगळे नमुने तपासून झाले, चाचा. त्या बाईंचा रिपोर्टही वर पाठवला. काय केलंत?"

चाचांनी केबल कानाशी तशीच धरून ठेवली.

शार्दूलनं केबलकडे पाहिलं. मग लॅपटॉपकडे. दोनशे बारा टिंबं पडद्यावर थिजली होती. सोमवार... दहा मिनिटं... पाच मिनिटं... हजार दारं... आणि प्रत्येक ठोठावण्याला उत्तर देता देता दमलेलं जुनं मशीन. त्याचे कान लालबुंद झाले. बाकांवरची माणसं आठवली आणि त्याला मनापासून लाज वाटली.

पण तो शार्दूल आकिवाटे होता, अर्धवट काम न करणारा. त्यानं मान खाली घातली नाही.

"चोर सापडला, चाचा."

"कोण?"

"मी."

दोनशे बारा म्हणताना जेवढा खणखणीत आवाज होता, तेवढाच.

सुनंदाताई दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

...

चाचांनी केबलचं टोक त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते घेतलं, लॅपटॉपला जोडायला वळला, थांबला आणि आधी कानाला लावलं. डोळे मिटले. बराच वेळ तो तसाच उभा होता.

"काहीच ऐकू येत नाही, चाचा."

चाचांचा हात कमरेकडे गेला.

"मग घे किल्ली."