गगनाजीच्या डोक्यावरची धोंडाक्का

त्या मुलखात सगळेच दरवर्षी वाढत असत. मातीचे सुळके होते ते, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर वालुकाश्माची एकेक शिळा बसलेली. पावसाळा सरला की वारा मोजणीला येई, माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतरे आणि आकडा पुकारी. आकडा वाढलेलाच असे. मग पाच दिवस एकमेकांचं कौतुक चाले. खाली पायथ्याकडे बघणं मात्र तिथं असभ्य मानलं जाई, त्यामुळे जमीन कुठवर खचली याची चौकशी कधी कुणी केली नाही.

सर्वांत उंच गगनाजी. नऊ वर्षं पहिला मान त्याचाच. यंदा मात्र त्याच्यामागोमाग शेजारच्या शेंडोबाचा आकडाही एकवीस हातच निघाला आणि गगनाजीच्या अंगभर बारीक तडे गेले. मान गेला तर त्याच्यापाशी दुसरं होतं काय?

त्यानं विचार केला. त्याच्या मानानं फारच केला. शेवटी दोषी सापडली. डोक्यावरची धोंडाक्का! जन्मापासून बूड टेकून बसलेली.

"नाकापेक्षा मोती जड झालाय, अक्का. तुझ्या ओझ्यानं माझी वाढ खुंटली."

"पाऊस आधी कुणावर पडतो, बघितलंस का कधी?"

"पाऊस तर मला लागतच नाही. अंगच तसं आहे माझं!"

अक्का म्हणाली, "उतरते बाबा. पण परत चढायची नाही, सांगून ठेवते."

गगनाजीनं वाऱ्याला गळ घातली. वारा कुणालाच नाही म्हणत नसे. त्यानं जोर लावला आणि अक्का धप्पकन खाली जाऊन पडली.

"काय हलकं वाटतंय म्हणून सांगू!" गगनाजी ओरडला. शेंडोबा मुळातच पिवळा, तो हेव्यानं आणखी पिवळा पडला.

पाऊस आला. पहिले थेंब माथ्यावर पडले तेव्हा गगनाजीला गुदगुल्या झाल्या आणि तो खदखदून हसला. चौथ्या सरीला त्याचे खांदे गेले.

"अक्का!" तो कळवळून म्हणाला. आता तो खरोखर घाबरला होता.

"इथंच आहे रे," खालून आवाज आला.

रीतभात सोडून त्यानं जन्मात पहिल्यांदा खाली पाहिलं. खालून गढूळ पाणी वाहत होतं, आणि त्यातला बराचसा गढूळपणा त्याचाच होता.

पुढं कितीतरी पावसाळे गेले. वारा दरवर्षी येई, गगनाजीच्या जागी सवयीनं घुटमळे, मग शेंडोबाचा आकडा पुकारी आणि कौतुकाला सुरुवात होई. एका वर्षी परतताना तो अक्काला अडखळला. भोवतालची माती केव्हाच वाहून गेली होती, आणि अक्काच्या बुडाखाली एक गिड्डा खुंट उभा होता.

"एक हात!" वाऱ्यानं पुकारलं.

खुंटानं छाती फुगवली, वर बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "ही म्हातारी डोक्यावर नसती, तर दोन हात झालो असतो!"