मागचा दिवा

“दिवा लागतो म्हणजे लागतो, चाचा! आणखी किती वेळा दाखवू?”

श्रीरंगचा आवाज चढला होता. गावात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे चार जण, पण आपल्या हाताची ओळख राहावी म्हणून प्रत्येक जोडाला पिवळी टेप गुंडाळणारा हा एकच पठ्ठ्या. नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

समोर दाऊदचाचा, त्याला हे काम शिकवणारे. देहानं अगडबंब आणि बोलायला भलते कंजूष.

दोघांच्या मध्ये साळव्यांची जुनी काळी टॅक्सी. गेल्या आठवड्यात रात्री घाटात मागून ट्रक धडकला आणि बिचारे साळवी जागच्या जागी गेले. ट्रकवाला पोलिसांपुढे ऊर बडवत होता, “गाडीला मागे दिवाच नव्हता हो!” पंचनामा उरकल्यावर गाडी चाचांच्या शेडमध्ये ओढून आणली. मागच्या उजव्या दिव्याचा चुरा झाला होता, डावा मात्र शाबूत.

श्रीरंगनं खिशातला कागद पुढे केला.

“मागचे दिवे चालू होते, असं लिहून सही केलीय. तुमची झाली की उद्या चौकीत देतो.”

“ट्रकवाल्याचं काय?”

“आत जाईल. खोटं बोलतोय, तर भोगेल.”

चाचांनी कागदाला हात लावला नाही.

“लाव बघू.”

श्रीरंगनं खिडकीतून हात घालून बटण ओढलं. मागच्या पत्र्याच्या भिंतीवर लाल उजेड पडला.

“आत बसून लाव.”

ड्रायव्हरच्या सीटवर साळव्यांच्या बसण्याचा खड्डा अजून तसाच होता. माणूस चहा प्यायला उतरलाय आणि आत्ता येईल, असं वाटावं. श्रीरंग दारापासून मागे सरला.

“नको चाचा. मेलेल्या माणसाची जागा ती.”

“बरं. मी बसतो. तू मागे जा.”

श्रीरंग मागे गेला. सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या... आणि लाल उजेड गेला.

“बंद का केलात?”

चाचांचे दोन्ही हात खिडकीबाहेर होते, रिकामे.

चाचा उठले. दिवा लागला.

बसले. विझला.

श्रीरंग ओरडला,

“चाचा, उतरा! साळवी आहेत आत... अहो, साळवीच आहेत!”

चाचा सावकाश उतरले.

“सीटखालची चटई उचल.”

त्यानं चटई उचलली. मागच्या दिव्याकडे जाणारी वायर तिथूनच गेली होती. तिच्यातला एक जोड स्प्रिंगांखाली चेपून अर्धा तुटला होता. वर भार आला की सुटायचा, भार गेला की पुन्हा टेकायचा.

जोडावर पिवळी टेप होती.

शिमग्याच्या आधी त्यानंच तो जोडला होता. त्या वेळीही बटण ओढून, उतरून, मागे जाऊन पाहिलं होतं. दिवा लागलेलाच होता. तो उतरून पाहायचा तेव्हा नेहमीच लागलेला असायचा.

श्रीरंग मागच्या दिव्यापाशी येऊन खाली बसला. साळवी हसत म्हणाले होते, “तुझं काम म्हणजे बघायलाच नको.” ते आता त्याला सोसवेना. कागद हातातच होता, आणि त्यावर लाल उजेड पडला होता.

“चाचा... आता मी काय लिहू?”

चाचांनी गाडीचं दार लोटलं.

“काय ते तुझं तू लिही. पण असा बसून लिहू नकोस; ऊठ, जोड तुझा आहे.”