कोंडाईचा शेवटचा टाका

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर तेव्हा घाटात डांबर नव्हतं, पायथ्याला चहाची टपरी नव्हती, आणि डोंगरापलीकडे जायचं तर स्वतःच्या पायांनी जा, नाहीतर घोड्याच्या. दिवटेपिंपरी गावात घाट सुरू होतो तिथलं शेवटचं घर जिनगरांचं होतं. त्या घरात कोंडाबाई राहायची. पुढे लोक तिला कोंडाई म्हणू लागले, पण ते पुढे. आधी ती साधी कोंडाबाई होती, आणि जी चूक झाली ती त्या साध्या कोंडाबाईच्या हातून झाली.

जिनगर म्हणजे घोड्याचं खोगीर, लगाम, खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा म्हणजे तंग, हे सगळं करणारे. कोंडाबाईचा बाप या कामात नावाजलेला. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि कोंडाबाई माहेरी आली, तेव्हा घरात म्हातारा बाप आणि पाच वर्षांचा धाकटा भाऊ आवजी, एवढीच माणसं. बापाने लेकीच्या हातात कातडं टोचायची आरी दिली. बाईने आरी धरू नये, असं गाव म्हणालं. बाप म्हणाला, "घोड्यास्नी इचारा." घोड्यांनी काही हरकत घेतली नाही, आणि गावाचंही तोंड हळूहळू बंद झालं.

नवीन खोगीर कोण रोज करतो? लोक जुनंच घेऊन यायचे. आजोबाच्या वेळचं, उन्हाने तडकलेलं, घामाने कडक झालेलं. कोंडाबाई ते ओसरीवर घ्यायची. रिठ्याच्या पाण्याने कातडं धुवायची, सावलीत वाळवायची, मग करडईच्या तेलात मेण वितळवून दोन-तीन दिवस चोळत बसायची. स्वाराने पाय ठेवायच्या रिकिबी चिंच आणि राखेने घासायची. आतली जुनी लोकर उपसून, पिंजून, नवी घालून पुन्हा भरायची. आपण फुकटच्या भरताडाला खोगीरभरती म्हणून हसतो. हसणाऱ्याने एकदा वाईट भरलेल्या खोगिरावर बसून घाट चढावा, म्हणजे हसू जिरतं. आणि तो तर वर बसलेला; खाली जे मुकं जनावर असतं त्याचे हाल त्याला कळतही नाहीत.

हौशी लोक आणखी काही मागायचे. कुणाला लाल गोंडे, कुणाला कवड्यांची माळ, कुणाला लगामावर पितळी फुलं. कोंडाबाईचा हात कशिद्यात असा होता की तिने काढलेला पोपट खरा समजून मांजरं दबा धरून बसायची, असं म्हणतात. मी काही पोपट पाहिला नाही. पण म्हणतात.

आता या घराची एक रीत होती, ती नीट ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यावर आहे. खोगीर भरून झालं की भरतीच्या तोंडाशी शेवटचा टाका घालायचा नाही. दोरा ओवलेली सुई तशीच खोगिरात टोचून ठेवायची. मग घोडं दारात आणायचं. त्याच्या पाठीला चुलीतली राख फासायची, वर खोगीर ठेवायचं, दाबायचं आणि उचलायचं. राख कुठे पुसली गेली, कुठे तशीच राहिली, ते बघायचं. जास्त पुसली तिथे खोगीर दाबतंय. मग उघड्या तोंडातून लोकर काढायची, घालायची, पुन्हा राख, पुन्हा खोगीर. शेवटी घोड्याच्या पाठीवर पंजा ठेवून विचारायचं, "कुठं बोचतंय का?" त्याने कान मोकळे सोडले, तर टाका घालायचा. बाप मरतानाही हेच सांगून गेला. "कोंडे, बाकीचं खोगीर घरात शिव. शेवटचा टाका पाठीवर."

आवजी मोठा झाला, पण बापाच्या धंद्याला त्याने हात लावला नाही. त्याला खोगिराखाली काय आहे यापेक्षा खोगिरावर बसायचं वेड. घाटापलीकडे सरकारी ठाणं होतं, तिथलं टपाल तो घोडीवरून न्यायचा-आणायचा. काळीभोर घोडी, नाव काजळी. शिंगरू असल्यापासून ती याच दारात वाढलेली. कोंडाबाईच्या ओच्यातली भाकरी तोंडाने काढून खायची. बहिणीने वाढवलेला भाऊ आणि बहिणीने वाढवलेली घोडी. त्या बाईचं जगात तेवढंच होतं.

एका वर्षी आषाढात आवजी निघाला तेव्हा बापाच्या हातचं खोगीर फाटलं होतं. भरती गोळे गोळे झाली होती. त्याने ते खुंटीला अडकवलं आणि म्हणाला, "आक्का, पावसाळाभर ठाण्यातलं खोगीर वापरतो. दिवाळीत काजळीला घिऊन येतो, तवा तिच्या पाठीवर घालून नीट कर."

"ये बाबा. वाट बघते."

तो गेला. आणि खोगीर खुंटीवर बघून बघून कोंडाबाईच्या मनात आलं, दरवर्षी भाऊबीजेला भाऊच ओवाळणी घालतो. यंदा आपण त्याला घालू. येईल तेव्हा खोगीर नवंकोरं दिसलं पाहिजे.

किती चांगला विचार! वाईट विचाराने झालेली चूक माणूस विसरून तरी जातो. ही तशी नव्हती.

चार महिने ती त्या खोगिरावर राबली. धनगराकडून कोकरांची मऊ लोकर आणली. तंगासाठी सुताचा पट्टा स्वतः विणला. घोडी दारात नव्हती, पण काजळीची पाठ तिला डोळे मिटून ठाऊक होती. तशी गुबगुबीत भरदार पाठ धरून तिने भरती केली. कडेला हिरवे-तांबडे गोंडे लावले. आणि मागच्या बाजूला एक मोर काढला. मोराचा पिसारा पसरत पसरत नेमका भरतीच्या तोंडावर आला. तोंड उघडं ठेवलं तर पिसारा अर्धा राहत होता. कोंडाबाई थोडा वेळ सुई धरून बसली. मग तिने शेवटचा टाका घातला, गाठ मारली, आणि वर पिसारा पुरा केला.

भाऊबीजेच्या सकाळी आवजी आला. दुपारी परत निघायचं होतं, टपालाला दिवाळी नसते. कोंडाबाईने ओवाळलं, आणि तबकातली ओवाळणी उचलायच्या आधीच खोगिरावरचं फडकं काढलं. आवजी बघतच राहिला. आळीतली माणसं जमली. जो तो मोरावर हात फिरवून बघायला लागला. आवजी लहान पोरासारखा म्हणाला, "आक्का, ठाण्यात असं खोगीर मोठ्या सायबाचंबी न्हाई गं!"

मग खोगीर काजळीवर चढलं.

कोंडाबाईला तेव्हाच दिसलं. चार महिने पावसात आणि चिखलात घाट तुडवून घोडी वाळली होती. पाठीचा कणा वर आला होता, दोन्ही बाजूंनी मांस ओसरलं होतं. जाड नवी भरती त्या पाठीवर बसली नाही, नुसती टेकली. काजळीने कान मागे टाकले. मान वळवून तिने दातांनी तंग धरला, एकदा नाही, दोनदा. आणि मग कोंडाबाईकडे बघितलं.

चूल चार पावलांवर होती. चुलीत राख होती. आरी कमरेला होती. पण भरतीत हात घालायचा तर मोर उसवायला लागणार, चार महिन्यांचा मोर, एवढ्या लोकांसमोर, भावाच्या तोंडावरचा आनंद तसाच थांबवून. तिने मनाची समजूत घातली. नवं आहे, दोन दिवसांत बसेल. तिने घोडीच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिने विचारलं नाही. आवजीने टाच मारली आणि गोंडे हलवत घोडी घाटाला लागली.

दुसऱ्या दिवशी ठाण्याचा माणूस विचारत आला, टपाल का नाही पोचलं.

सगळं गाव घाटात गेलं. तिसऱ्या वळणाखाली करवंदीच्या जाळीत खोगीर सापडलं. तंग तुटला होता आणि खोगीर कुशीवर पडलेलं होतं. त्याच्या खालच्या बाजूला एका ठिकाणी घोडीचं रक्त लागलं होतं, हाताच्या पंज्याएवढं. जाळीच्या खाली नुसता कडा, आणि कड्याच्या तळाशी नदी. आठ दिवस शोधलं. आवजी सापडला नाही, काजळीही नाही. मोराला मात्र ओरखडाही पडला नव्हता.

कोंडाबाई खोगीर मांडीवर घेऊन ओसरीवर बसली आणि तिने मोर उसवायला घेतला. आधी पिसारा, मग अंग, मग डोळा. शेवटी तो टाका. असं म्हणतात की तो टाका निघाला तेव्हा घाटात घोडी खिंकाळल्याचा आवाज सगळ्या गावाने ऐकला.

त्या दिवसापासून तिच्या दारावरून एकही घोडं तपासल्याशिवाय वर गेलं नाही. ती रस्त्यात उभी राहायची, उजव्या हातात राख घेऊन. कुणी हसलं, कुणी चिडलं, पण उतरायला सगळ्यांना लागायचं. खोगिराचं तोंड उसवून, भरून, पाठीवर पंजा ठेवून ती विचारायची, "कुठं बोचतंय का?" आणि स्वाराला दर वेळी तेच सांगायची, "माझ्या घोडीनं मला सांगितलं व्हतं. म्या ऐकलं न्हाई." आवजीचं नाव निघालं की तिला रडू फुटायचं, आणि मोठे मोठे मिशीवाले स्वार जमिनीकडे बघत उभे राहायचे.

तिच्या तळव्याची राख धुऊन जाईना, असं म्हणतात. नदीवर वाळूने घासला तरी तळवा राखाडीच. आणि लांबून येणारी घोडी तिच्या दारात आपोआप थांबू लागली. एकदा एक बडा सरदार आला. मखमलीचं खोगीर, जरीचा काठ. म्हणाला, उतरणार नाही. तर घोडं तिच्या उंबऱ्यासमोर मटकन बसलं. चौघांनी ओढलं, उठेना.

सरदार म्हणाला, "म्हातारे, हे खोगीर शहरातल्या कारागिराने केलंय."

"कारागीर शहरात हाय," कोंडाई म्हणाली. "घोडं हितं हाय."

तिने मखमल उसवली. आत सुपारीएवढी लोकरीची गाठ होती. ती काढल्याबरोबर घोडं उठलं आणि त्याने आपलं डोकं तिच्या खांद्यावर ठेवलं. सरदाराने दोन्ही हात जोडले. त्या दिवसापासून ती कोंडाई झाली. लोक पाया पडायला लागले की ती पाय मागे घ्यायची. म्हणायची, "माझ्या नका पडू. मी नुसती उशिरा शिकले."

आणि दर भाऊबीजेला ती बापाच्या हातचं ते खोगीर काढायची. धुवायची, तेल चोळायची, जुनी लोकर उपसून नवी भरायची. शेवटचा टाका उघडा ठेवायची. ओवाळणीचं ताट तयार करायची, चुलीतली राख वाटीत काढायची, आणि घाटाकडे तोंड करून बसायची. तिला एकच हवं होतं. घोडी यावी, तिच्या पाठीवर एकदा हात ठेवता यावा, आणि जे तेव्हा विचारलं नाही ते विचारता यावं. अशा चाळीस भाऊबिजा गेल्या.

शेवटच्या भाऊबीजेला, भर दुपारी, घाटातून टापा वाजल्या. कोंडाईला तेव्हा नीट दिसत नव्हतं. ती राखेची वाटी घेऊन धडपडत रस्त्यावर आली. इथे काही सांगणारे सांगतात की तो आवजीच होता, काजळीवर बसून तिला न्यायला आला होता. मलाही तसं सांगायला आवडलं असतं, तुमचीही झोप गोड झाली असती. पण माझ्या आजीने सांगितलं ते असं, की तो बांगड्या विकणारा एक कासार होता. मरतुकडं तट्टू, त्याच्यावर बांगड्यांच्या पेट्या. कोंडाईने हाताने तट्टू चाचपलं, आणि तिला कळलं. मग तिने तट्टाच्या पाठीला राख लावली, पेट्यांखालची गादी उसवली, भरली, आणि विचारलं, "कुठं बोचतंय का?" तट्टाने कान सोडले. तिने टाका घातला.

"आता जा," ती कासाराला म्हणाली. "संभाळून जा, बाबा."

मग ती ओसरीवर येऊन खोगिराला टेकून बसली, ती पुन्हा उठली नाही.

आता दिवटेपिंपरीत घोडं औषधालाही नाही. घाटातून ट्रक जातात. पण कोंडाईच्या ओसरीच्या जागी एक लहानसं देऊळ आहे, त्यात मूर्ती नाही, खोगीर आहे. दर भाऊबीजेला गावातल्या बायका ते खाली उतरवतात, कातडं तेलाने मऊ करतात, लोकर बदलतात. इतक्या वर्षांत कातडं बदललं, तंग बदलला, रिकिबी दोनदा बदलल्या. त्यावर मोर मात्र कुणी काढत नाही.

आणि घरोघरी, ओवाळून झालं की बहीण चुलीतली किंवा अगरबत्तीची राख बोटांना लावते, भावाच्या पाठीवर पंजा ठेवते आणि विचारते, "कुठं बोचतंय का?" भाऊ पुण्याचा असो की दुबईचा, खरं सांगितल्याशिवाय त्याला उठता येत नाही. काही भाऊ हसून 'नाही' म्हणतात. काही बराच वेळ बोलतच नाहीत, आणि बहीण हात काढत नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत खोगीर परत देवळात ठेवतात. भरतीच्या तोंडाशी दोरा ओवलेली सुई टोचून ठेवतात. काजळी अजून आलेली नाही, म्हणून तो टाका कुणी घालत नाही.