होडीचं कूळ

“मग होडी जागची का हलत नाही?” दाबकेबाईंनी विचारलं.

सांगलीतल्या एका पूरमदत केंद्रासाठी निषादनं प्रोग्राम लिहिला होता. मदतीचा फोन आला की कुठलं वाहन कुठे धाडायचं, ते हा प्रोग्राम ठरवणार. पावसाळा तोंडावर आलेला, आणि केंद्रवाले सोमवारपासून त्याच्याच भरवशावर राहणार होते.

प्रोग्राम मात्र बघत राहावा असा. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीचा, म्हणजे वंशवृक्षच म्हणा ना. मूळपुरुष ‘वाहन’. त्याची लेकरं रुग्णवाहिका, ट्रक, होडी. मूळपुरुषाला एकदा शिकवलं की पुढच्या पिढ्यांना ते आपोआप येतं, पुन्हा लिहायला नको. मघाशी बाईंना हे दाखवताना पठ्ठ्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्याला प्रोग्रामिंग शिकवलं बाईंनीच, त्यामुळे शाबासकीही त्यांचीच हवी होती.

बाईंनी साधी मानही डोलावली नाही.

“तुझ्या घरचा पत्ता घाल,” म्हणाल्या.

त्याचं घर कृष्णाकाठच्या गावात. तिथे आई एकटी. त्यानं पत्ता घातला. बाईंनी त्या गावाच्या रस्त्यावर चाचणीपुरतं पुराचं पाणी चढवलं…

स्क्रीनवर आलं: होडी थांबवली आहे. रस्ता पाण्याखाली आहे.

रस्ता पाण्याखाली असेल तर थांबायचं, हे निषादनंच मूळपुरुषाला शिकवलं होतं. ट्रकच्या दृष्टीनं शहाणपणाचंच. होडीनंही ते निमूटपणे वारशात घेतलं होतं, आणि आता पाणी दिसलं की होडी थांबत होती.

“मध्ये एक पिढी घालतो, बाई,” तो घाईघाईनं म्हणाला. जमिनीवरची वाहनं एका शाखेत, पाण्यावरची दुसऱ्या. बोलता बोलताच त्याला केंद्राचा तो उंच ट्रक आठवला, कमरेएवढ्या पाण्यातूनही जाणारा. तो कुठल्या शाखेत बसवायचा?

“मग आणखी एक…”

बाईंनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला. होडीला वंशवृक्षावरून उतरवलं नि बाजूला एकटीच ठेवली. ना नातं ना गोतं. तिच्यापुरतं थोडकंच लिहिलं: मोकळी आहेस? पाणी आहे? मग नीघ.

स्क्रीनवर आलं: होडी निघाली.

निषाद बघतच राहिला. एवढंच? वर्षभर डोकं फोडून त्यानं एवढं उभारलं, पण इतकं साधं काही त्याला सुचलंच नव्हतं. बाईंचे पाय धरावेत असं त्याला खरोखर वाटलं. पण खोड जाते थोडीच.

“पण बाई… हिचं कूळ कुठलं म्हणायचं?”

बाई पदरानं चष्मा पुसत होत्या.

“पुरात छपरावर बसलेली तुझी आई ते विचारणार आहे का रे?”