टाचेतले शिपाई

एका राज्यात रणकेतू नावाचा राजा होता, भारी तापट. वरणात मीठ कमी पडलं की आचारी हद्दपार! असल्या रागाला आग लागो.

हा राजा शापित गुहेतला खजिना लुटायला गेला. खजिना मिळाला नाही, पण सोन्याचा एक काटा टाचेत घुसला. काट्याच्या टोकाशी विष होतं, आणि काटा आत असेतो ते वाढतच राहील असा शाप होता. वैद्यबुवा चिमटा घेऊन धावले.

"खबरदार!" राजा ओरडला. "सोनं माझं आहे. आतच राहील."

आता या माणसाला काय म्हणावं!

टाच सुजली. अंगात ताप भरला. जखमेत पू झाला. राजाने जृंभक मांत्रिकाला बोलावलं. जृंभकाचा डोळा गादीवर होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"माझीच टाच माझ्यावर उलटली," राजा म्हणाला. "सूज उतरव. ताप विझव. ही घाण नाहीशी कर."

जृंभकाने टाचेवर तीनदा भस्म फासलं. सूज उतरली, ताप गेला, पू आटला. राजाने खूश होऊन त्याला कंठा दिला. संध्याकाळी विष मांडीपर्यंत चढलं. राजाचे ओठ निळे पडले.

तेव्हा राजाच्या पिंजऱ्यातली जादूची साळुंकी कडाडली, "करंट्या, स्वतःचंच सैन्य मारलंस! चल, बघ."

तिने पंख झटकला. ती आणि राजा धुळीच्या कणाएवढे झाले आणि राजा तिच्यामागून टाचेत शिरला. आपल्याच टाचेत कसा शिरला ते मला विचारू नका. शिरला.

आत पांढऱ्या अंगरख्यांचे शिपाई थरावर थर मरून पडले होते. प्रत्येकाच्या पोटात गिळलेलं विष होतं.

"हीच तुझी घाण," साळुंकी म्हणाली.

एक म्हातारा शिपाई तेवढा उभा होता. त्याने मुजरा केला नाही.

"सूज ही आमच्या कुमकेची वाट होती, महाराज. तुम्ही बुजवलीत. ताप ही आमची भट्टी. तिच्या आचेने विष मंदावत होतं. तुम्ही विझवलीत. ही पोरं तुमच्यासाठी विष गिळून मेली, त्यांना घाण म्हणालात. आणि शत्रूला घरात ठेवलंत, का? तर तो सोन्याचा आहे! लाज वाटत नाही?"

राजाला जन्मात कोणी असं बोललं नव्हतं. त्याची मान खाली गेली.

"काय करू?"

"भस्म पुसा. ताप सोसा. काटा काढा."

राजा बाहेर आला आणि पूर्वीएवढा झाला. त्याने भस्म पुसलं. टाच भोपळ्यासारखी फुगली. तापाने दात वाजू लागले, पण त्याने ताप सोसला. मग त्याने चिमटा मागवला.

"महाराज, सोनं जाईल!" जृंभक किंचाळला.

"चुलीत घाल तुझं सोनं!"

राजाने स्वतःच्या हाताने काटा उपसला. बाहेर येताच त्याचा गंजका खिळा झाला. शाप तुटला. जृंभकाला कंठ्यासकट वेशीबाहेर हाकललं.

उजाडेपर्यंत विष ओसरलं आणि टाचेची जखम फुटली. दासी केतकीने "शी!" म्हणत पू कापसाने टिपला आणि उकिरड्याकडे निघाली.

"थांब!" राजा गरजला. केतकीला वाटलं, आता आपणही हद्दपार.

राजाने तो कापूस तिच्या हातून घेतला. लंगडत बागेत गेला, हातांनीच माती उकरली.

"घाण म्हणू नकोस गं," तो म्हणाला. त्याने कापूस खड्ड्यात ठेवला. "माझी माणसं आहेत ती."

टाच भरून आली, राजाही ताळ्यावर आला. म्हातारा शिपाई अजून आत पहारा देतो. त्या विषाचा चेहरा तो विसरलेला नाही, आणि राजा त्याला.