अभिप्रायाचा वाटा

आमच्या कचेरीत रीत होती: आधी आपल्या डब्यातलं थोडं थोडं सगळ्यांना वाढायचं, मगच जेवायला बसायचं. धारवाडकर साहेब मात्र डबाच आणत नसत. रिकामी ताटली पुढे करून सगळ्यांचं हाणायचे आणि वर नावं ठेवायचे. म्हणायचे, "माझा अभिप्राय, हाच माझा वाटा!"

एकदा नव्या टायपिस्ट शकुंतलेच्या आईने केलेलं वालाचं बिरडं त्यांनी चाटूनपुसून खाल्लं आणि म्हणाले, "हे गुरंसुद्धा खाणार नाहीत." दुसऱ्या दिवशी पोरगी डबाच उघडेना.

"उघड गं," तिच्या शेजारच्या टेबलावरच्या पेडणेकरबाई म्हणाल्या. आजही बिरडंच होतं. त्यांनी ते सगळ्यांना वाढलं, साहेबांना सोडून.

"आणि मला?" साहेब गुरगुरले.

बाईंनी एक घास सावकाश चावून गिळला. "घ्या साहेब. मऊ शिजलंय, गूळ बेताचा, खोबरं ताजं."

"ही काय थट्टा?"

"थट्टा कसली? तुम्ही आम्हाला रोज वाढता तेच आज आम्ही तुम्हाला वाढलं. अजून वाढू?"

दुसऱ्या दिवशी साहेब चक्क डबा घेऊन आले. पहिला वाटा शकुंतलेला. तिने चाखला. सगळे टक लावून बघत होते.

"मीठ जरा कमी आहे, साहेब," ती म्हणाली.