जाड खोडाचा सुतार

त्या जंगलात सुतार पक्ष्याची पत तो कोरत असलेल्या खोडाच्या जाडीवरून ठरत असे. मोठ्या सुतारांची शेपूट ताठ आणि टणक. तिच्यावर रेलून ते दिवसभर कठीण लाकूड फोडत. सर्वांत धाकटी जात अंगठ्याएवढी. तिची शेपूट आखूड आणि मऊ, म्हणून ती वाळक्या काटक्या ठोकून आतल्या मुंग्या खाई. पोट भरे. पण ओळख करून देताना ही मंडळी ‘आम्ही सुतार’ एवढंच सांगत, आणि काम कुठल्या झाडावर चालू आहे असं कोणी विचारलं की उडून जात. ही हकिकत सांगणाराही त्याच जातीचा आहे, तेव्हा अधूनमधून फुशारकी आढळल्यास नवल वाटू नये.

या जातीतल्या ठुमक्याच्या बायकोची, रेवलीची, अंडी घालायची वेळ जवळ आली. चारच दिवस उरले होते. तिने एक कुजकी फांदी हेरली. लाकूड मऊ होतं. दोघं लागलो तर ढोली वेळेत होईल, असं ती म्हणाली. ठुमक्याला ते कमीपणाचं वाटलं. मऊ लाकूड काय, कोणीही पोखरतं, असं सांगून तो जंगलातल्या सर्वांत जाड झाडाकडे गेला. लहान तोंडी मोठा घास घेणं हा आमच्याकडे कुलाचारच आहे.

दोन ठोके मारले की तो घसरे, कारण रेलण्याजोगी शेपूट नव्हती. पुन्हा चढे. तीन दिवसांत चोच बोथट झाली आणि सालीला मसुराएवढा खळगा पडला. सगळं जंगल आपले ठोके कान देऊन ऐकतंय, अशी त्याची खात्री होती. खालच्या मुंग्यासुद्धा वळून बघत नव्हत्या.

चौथ्या दिवशी मोठ्या सुतारांतला थोरला त्या झाडावर आला. ठुमक्या अदबीने बाजूला झाला. थोरल्याने खळग्याच्या कडेला चोच दोन्ही बाजूंनी पुसली आणि तो निघून गेला.

ठुमक्या धापा टाकत घरी पोहोचला. रेवलीने एकटीने ढोली जवळजवळ पुरी केली होती. ती आतच होती.

“अगं, थोरल्यांनी माझ्या कामाला चोच लावली.”

“बरं झालं,” ती आतून म्हणाली. “आता दारातून सरका. भुसा बाहेर टाकायचाय, आणि अंडं काही थांबायचं नाही.”

तो जरासाच सरकला आणि थोरल्यांनी आधी चोचीची कुठली बाजू लावली ते सांगू लागला. कुजक्या फांदीचा भुसा त्याच्या डोक्यावर पडत राहिला. त्याने तो झटकला नाही. लांबून बघणाऱ्याला तो जाड खोडाचाच सुतार वाटला असता.